मातीचा बैल आणि गोदाचा हात

मैत्रिणींनो, आज आमच्या शहापूरच्या बालवर्गात जे घडलं ते तुम्हाला लगेच सांगावंसं वाटलं.

गोदा पाच वर्षांची, विणकराच्या घरातली. गेल्या वर्षी चुलीपाशी तिचा उजवा हात भाजला आणि बोटं आखडली. तेव्हापासून तो हात ती परकरात लपवूनच बसते.

दुपारी मुलं ओल्या मातीचे बैल करत होती. तेवढ्यात गोदाची आई आली. "बाई, हिला उद्यापासनं धाडत न्हाय. पाटीवर एक अक्षर न्हाय, नुसता चिखल!"

"आक्का, घटकाभर बसा," मी म्हटलं.

गोदाला बैलाच्या डोळ्यांच्या जागी चिंचोके बसवायचे होते. डाव्या हातात बैल होता. तिने परकरातून उजवा हात काढला. चिंचोका निसटला, पुन्हा निसटला. मग चिमटीत आला आणि मातीत नीट बसला.

"त्या हातानं?" आईने मला हळूच विचारलं. मग लेकीशेजारी खाली बसून म्हणाली, "गोदे, दुसरा डोळा ऱ्हायला की गं!"

गोदा उद्या येणार आहे. पेन्सिल धरायला अजून वेळ लागेल, हे मलाही ठाऊक आहे.

तुमच्या घरी मुलांनी चिखलात हात घातला, की तुम्ही काय म्हणता?