दशरथजींची दाढ

गोदामाच्या कोपऱ्यात कोंडा साचतो, तसे किस्से साचतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही. गोंदियात मी धान घेत होतो, त्या काळचे माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच माणसाचे. आमचे पारखी दशरथजी, वय साठीपुढचे.

धान वाळलं की नाही, हे ते दाढेखाली दाणा धरून सांगत. कट्‌ वाजला तर वाळलेला. मुकाट दबला तर ओला, गोदामात सडणारा. अर्जुनी मोरगावच्या एका गाडीवाल्याने वर वाळलेलं धान पसरून आणलं. दशरथजींनी पोत्याच्या बुडातला दाणा चावला. म्हणाले, "भाऊ, हे अजून शेताच्या बांधीतच उभं आहे." गाडीवाल्याने बैल वळवले.

*

तोंडात सदा तंबाखू-चुना. मी म्हटलं, "दशरथजी, दात घासत जा."

"ज्याच्यावर पोट चालते, त्याले कायले घासून झिजवू, सेठ?"

*

एका वर्षी त्यांनी वाळलेला म्हटलेला ढीग आतून तापला. वास सुटला. दशरथजी कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले.

"दाढ हालून राहिली, सेठ. चार महिने झाले."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं ठेवलं असतं मले?"

 

*

मीच त्यांना नागपूरला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हिरड्या सडल्यात, दाढांची एकच जोडी वाचेल, तीही जपली तर. दशरथजींनी तंबाखू त्याच दिवशी सोडली. प्रत्येक जेवणानंतर चूळ, मग मीठ-तेल. लग्नात कुणी सुपारी पुढे केली तर म्हणत, "हे दाढ माही नाही, मंडीची आहे."

ती जोडी तीन हंगाम टिकली.

*

मग कवळी आली. पहिल्या दिवशी सगळी मंडी भोवती उभी. त्यांनी वाळलेला दाणा चावला, मग ओला. दोन्ही सारखेच लागले. दशरथजींनी कवळी काढून दुपट्ट्यात बांधली आणि ओंजळभर धान माझ्यापुढे धरलं.

"पान थुका, सेठ. चूळ भरा."

मी चूळ भरून आलो. त्यांनी कान माझ्या गालाजवळ आणला.

"आता चावा. मी आयकतो."

मी चावलं.

"ओला आहे," दशरथजी म्हणाले. "आन्‌ तुमची डावी दाढ हालून राहिली."