नाना घाडींचा न बघायचा दिवा

कुणाच्याही खोलीत शिरण्याआधी नाना घाडी उंबरठ्यावर थांबत, डोळे मिटत आणि हवा हुंगत. बसा म्हटलं, चहा विचारला, तरी दोन श्वास पुरे झाल्याशिवाय उत्तर देत नसत. मग निकाल सांगत. "ओल आसा," किंवा "कपाटामागे बुरशी धरली." लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले त्याच आठवड्यात ते आमच्या दारात असे उभे राहिले. मला वाटलं, आमटी लागल्याचा वास आला यांना. मी शरमून स्टोव्हकडे धावले. आमटी ठीक होती. नानांना आमच्या भिंतीचा वास आला होता.

नानांची बायकामुलं मालवणकडच्या गावी होती, इथे शेजारच्या खोलीत ते एकटे राहत. गिरगावातल्या एका टॉकीजमध्ये थंड हवेच्या प्लांटवर नोकरी. चाळीतल्या बायका त्यांना नव्या सिनेमाची गोष्ट विचारत आणि नाना प्रामाणिकपणे सांगत की आपण पाहिला नाही. ते पडद्याच्या मागे, तळघरात, पाइपांपाशी असत. कशाबद्दलही विचारलं की आधी म्हणत, "म्हायत नाय. बघूया." हुशार माणसानं इतक्यांदा माहीत नाही म्हणावं याचं मला नवल वाटे. माझे यजमान मिलमध्ये टाइमकीपर होते आणि त्यांना सगळंच माहीत असे.

त्या पावसाळ्यात मला खोकला लागला. साधा नव्हे, रात्रंदिवस ठसका. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, छाती स्वच्छ निघाली. क्षय नाही, म्हणाले, खोलीची ओल आणि मिलमधून उडत येणारा कापूस बाधतोय. पण सासूबाईंची थोरली मुलगी छातीच्या दुखण्यानंच गेली होती. माझा ठसका ऐकला की त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. त्या वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांनी ठरवलं, पावसाळा सरून कोकणच्या बोटी सुरू झाल्या की हिला हवा पालटायला माहेरी पाठवायचं. समोरच्या बिऱ्हाडातली सून अशीच हवा पालटायला गेली होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न मी स्वतः जेवून आले होते. माझ्या हातात काय होतं? बोटी सुरू होईपर्यंत खोकला थांबवायचा, एवढंच.

मी नानांना काही सांगितलं नव्हतं. चाळीत सांगावं लागत नाही. एका रविवारी ते चहाचं रिकामं लाकडी खोकं, जुना टेबलफॅन आणि फडक्यात गुंडाळलेली हातभर लांबीची काचेची नळी घेऊन आले. टॉकीजमध्ये गार पाइप सदा ओले असतात, त्यांवर बुरशी चढते आणि तिचा वास थेट प्रेक्षकांच्या नाकात जातो. म्हणून तिथल्या साहेबानं हवेच्या बोगद्यात एक जांभळा दिवा बसवला होता. त्याच्या उजेडानं बुरशी मरते, जंतू मरतात. जुनी झालेली नळी बदलली, ती साहेबाला विचारून नानांनी आणली होती. पंखा खोलीतली हवा ओढणार, ती मलमलीतून गाळून दिव्यासमोरून जाणार आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणार. अल्ट्राव्हायोलेटचा नानांच्या तोंडी नुसता 'अल्ट्रा' झाला होता. धावत्या हवेतले जंतू तो कितपत मारतो, असं मी विचारलं. नाना म्हणाले, म्हायत नाय. मला रडूच आलं. निदान या वेळेला तरी माहीत असायला हवं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. त्याच दिवशी दुपारी नाक्यावर अश्रुधूर फुटला होता, यजमान आणि मजल्यावरचे आणखी दोघे-तिघे डोळे पुसत घरी आले होते. आमच्या खोलीत नाना गुडघे टेकून तारा जोडत होते. खोक्याचं झाकण अजून बसवायचं होतं. नळी चालते का बघावं म्हणून त्यांनी खटका दाबला, खोलीभर निळसर उजेड पसरला, आणि नेमकी ती दिवेलागणीची वेळ होती.

संध्याकाळी दिवा लागला की आम्ही हात जोडतो. विजेचा असो की तेलाचा. सासूबाईंनी देव्हाऱ्यापासून उठून नळीसमोर हात जोडले. त्यांचं बघून गॅलरीतल्या बायका आत आल्या. त्यांनीही जोडले. असा दिवा कुणी पाहिला नव्हता, म्हणून सगळ्या टक लावून बसल्या. पुरुषही डोकावून गेले. नाना नेमके तेव्हाच खोलीत नव्हते. ते खाली चौकीदाराकडे खिळे मागायला गेले होते, तिथं मोर्च्याच्या गप्पांत अडकले. परत येऊन पाहतात तो आमच्या घरात आरतीची गर्दी. त्यांनी झडप घालून खटका बंद केला आणि पाळीला उशीर झाला म्हणून तसेच धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा मजला लालभडक डोळ्यांनी नळावर उभा होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, उजेड सोसवत नव्हता. अश्रुधूर, दुसरं काय? पुरुषांच्या छात्या फुगल्या. जे मोर्च्याला गेले नव्हते तेही गेल्याचं सांगू लागले, आणि डोळे पुरावा द्यायला होतेच. प्रश्न आला तो सासूबाईंचा. त्या आठवडाभर जिना उतरल्या नव्हत्या आणि सगळ्यांत लाल डोळे त्यांचे होते. यजमानांनी खुलासा केला की वारा तिकडून होता, धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत आला असणार. आदल्या संध्याकाळी मी पाठ करून खोकत पडले होते, माझे डोळे ठणठणीत होते, म्हणून बायका माझ्याकडे संशयानं पाहू लागल्या.

पाळी संपवून नाना आले, नळावरचा देखावा पाहिला आणि काय झालं ते समजून चुकले. मग दारोदार फिरले. प्रत्येकाला एकच विचारत, काल दिव्याला हात जोडलेत का? आणि स्वतःच हात जोडून माफी मागत, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगत. पुरुषांनी ऐकलंच नाही. आपण पोलिसांसमोर उभे राहून डोळे गमावता गमावता वाचलो, हे सोडून नानांच्या नळीनं भाजलो, हे कोण कबूल करणार? सासूबाईंपुढे मात्र नानांना मान वर करवेना. त्या पट्टीखालून म्हणाल्या, "दिवो बघूचो नाय, तर लावूचो कित्याक?"

"दिसाक होयो तो देवाचो दिवो," नाना म्हणाले. "ह्यो कामाचो."

दोन दिवसांनी डोळे निवले. नानांनी खोकं स्वतःच्या खोलीत नेऊन पुरं केलं आणि झाकणाला चारी बाजूंनी खिळे ठोकून परत आणलं. एका फटीतून निळा उजेड तेवढा दिसे. दर रविवारी ते खोकं आपल्या खोलीत नेऊन मलमल धूत आणि पुन्हा खिळे ठोकून आणून देत. खोकं पहिल्यांदा त्यांच्याकडे होतं त्याच दिवसांत त्यांनी पलंगामागची भिंत खरवडून चुना मारला आणि माझा पलंग दाराकडे सरकवला. काम चालू असताना कधी नव्हे ते सासूबाईंकडे चिमूटभर नीळ मागितली. सदऱ्याला, म्हणाले. नाना बारा महिने खाकी सदरा घालत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सासूबाई रोज तिन्हीसांजेला त्या बंद खोक्यासमोर डोळे घट्ट मिटून हात जोडू लागल्या. दिव्यात जंतू मरतात यावर त्यांचा विश्वास डोळे भाजल्यामुळेच बसला होता. माणसाला एवढं करतो, तर जंतूचं काय! माझा ठसका कमी झाल्याचं मला जाणवायच्या आधी त्यांना जाणवलं. त्यांचा हात थांबेनासा झाला. बोटी सुरू झाल्या. मी रोज वाट बघत होते. एका सकाळी त्यांनी यजमानांना सांगितलं की तिकीट काढायचं नाही, हिला इथली हवा मानवली.

महाराष्ट्र झाला, रस्त्यारस्त्यांवर रोषणाई लागली, नाना माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन ती दाखवायला गेले. पुढच्या शिमग्याला ते गावी गेले आणि तिथेच काविळीनं वारले. पोस्टकार्ड आलं तेव्हा मी खोक्याकडेच पाहत बसले. मला घरचं माणूस गेल्याइतकं दुःख झालं. महिन्याभरात पंखा बंद पडला आणि यजमानांनी खिळे उपटले.

आत पंखा होता, मलमल होती आणि एक साधा लहान बल्ब होता. काचेवर नीळ फासलेली. जांभळी नळी नव्हती, तिच्या तारा जिथून तोडल्या तिथं व्यवस्थित पट्टी गुंडाळली होती. म्हणजे इतकी वर्षं हा बल्बच? चुन्यानं बरी झाले? मलमलीनं? की सासूबाईंची भीती गेली म्हणून? खोटं न बोलणाऱ्या माणसानं हे केलं होतं. आता मुलाच्या घरी एसीत खरा तसला दिवा बसवला आहे. बसवणारा म्हणाला, याकडे बघू नका आजी. मी त्याला विचारलं, हा धावत्या हवेला नक्की काय करतो? तो मुलगा पुष्कळ बोलला. नानांसारखं माहीत नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

खिळे उपटले त्या संध्याकाळी यजमान बल्ब हातात घेऊन हसायच्या बेतात होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बल्बकडे पाहिलं, काचेवरच्या निळीवर बोट फिरवलं. ती नीळ आपल्याच डबीतली, हे त्यांना तेव्हा कळलं की आधीपासून ठाऊक होतं, मी आजही सांगू शकत नाही.

"बसव तो परत," त्या यजमानांना म्हणाल्या. "तिनसांज झाली."

बल्ब लागला. सासूबाईंनी हात जोडले. या वेळी डोळे उघडे ठेवून.