देवाच्या पोळाला वेसण

गुरुपादप्पा आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, उमाआक्काचे मालक. आम्ही दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, निलंग्याच्या अलीकडं, आणि दोन घरांच्या मधी एकच भिंत. तेव्हा मी सांगते ते ऐकीव न्हाई, डोळ्यानं बघितलेलं हाय. कुणाला पटो न पटो.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. दाजींचं घर खाऊनपिऊन सुखी, पण शेतीत त्यांचा जीव कधी रमला नाही. सगळा जीव गोठ्यात. देवणी जातीची जनावरं पाळायचे, आणि त्यातही हट्ट वानेऱ्याचा. वानेरा म्हणजे अंग सगळं पांढरंशुभ्र आणि तोंड तेवढं काळं. अंगावर ठिपके पडले की तो शेवरा, आणि शेवरा जन्मला की दाजींचं तोंड उतरायचं. वासरू बापडं धडधाकट, अंगणात उड्या मारतंय, आणि हे ओट्यावर सुतक पडल्यासारखे बसलेले. मी म्हणायचे, "दाजी, लोक पोरगी झाल्यावर बी इतकं तोंड पाडत न्हाईत!" ते म्हणायचे, "कमला, तुला न्हाई कळायचं."

नसेल कळत. पण वेड होतं ते, हे मला तेव्हाही कळत होतं. कोणत्या गाईची आई कोण, आजी कोण, तिला कुठला वळू दाखवला होता, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या चुलत्यांची नावं विचारा, अडखळायचे. गाय माजावर आली की तिला घेऊन पायी उदगीरकडं निघायचे, कारण तिकडं मलप्पा म्हणून एकाचा काळ्या तोंडाचा वळू होता. वाटेत दुसरे वळू दिसायचे, त्यांच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. आक्काला लेकरूबाळ नव्हतं. तिनं त्याचं दुःख कधी बोलून दाखवलं नाही, सरकी भिजवायची, पेंड कुटायची, आणि नवरा परत यायची वाट बघायची.

मग एका थंडीत दाजी आजारी पडले. छातीत कफ दाटला, ताप उतरेना, माणूस ओळखेना. वैदू झाला, लातूरहून औषध आणलं, सगळं झालं. त्याच दिवसांत त्यांची लाडकी गाय व्याली. गोऱ्हा झाला, आणि काय सांगू, कानाच्या मुळापर्यंत तोंड काळंभोर आणि तिथून पुढं नुसतं दूध! ठिपका म्हणून शोधून सापडेना. ज्याची आयुष्यभर वाट बघितली तो आला, आणि बघायला हे शुद्धीवर नाहीत.

आक्का उठली, तशीच बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळात गेली. मी मागं होते. तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "यांना उठीव. हा गोऱ्हा तुला सोडते."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "आक्का, दुसरं एखादं वासरू बोल की. हाच का?"

"ज्यात त्यांचा जीव हाय तेच द्यावं लागतं," ती म्हणाली. "लंगडं पांगळं देऊन देव भुलतोय व्हय?"

दाजी उठले. देवानं उठवलं की औषधानं, मी त्यात पडत नाही. आक्कासाठी देवानंच उठवलं. तिनं नवस सांगितला तेव्हा दाजी कितीतरी वेळ गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या जिवासाठी बोललीस. सोडायलाच पाहिजे." त्या दिवशी मला त्यांचा लई अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

गोऱ्हा दोन दाती झाला तशी अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, मुहूर्त काढला. देवळासमोर त्याच्या मांडीवर लिंगाचा डाग दिला आणि मोकळा सोडला. देवाला सोडलेल्या वळूला आमच्याकडं पोळ म्हणतात. त्याला कुणी बांधत नाही, जुंपत नाही, विकत नाही, आणि नाकात वेसण तर कधीच घालत नाही. कुणाच्याही रानात शिरू दे, बाया हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "खा बाबा." संध्याकाळी तो दाजींच्या दारात येऊन उभा राहायचा. दाजी त्याची मान खाजवायचे, आणि मग तो आपल्या वाटेनं जायचा. हे असंच चाललं असतं तर किती बरं होतं!

एकदा जनावरांचे सरकारी डॉक्टर दौऱ्यावर आले. वेशीपाशी पोळ उभा होता. साहेब घोड्यावरून उतरले, त्याच्याभोवती फिरले, खूर बघितले, तोंड बघितलं. असं जनावर आपण बघितलं नाही म्हणाले. मग विचारलं, "किसका है?"

सगळं गाव उभं होतं. आम्हाला वाटलं, आता दाजी म्हणतील, देवाचा. दाजी पुढं झाले आणि म्हणाले, "मेरा है, साहब."

आक्का माझ्या शेजारीच होती. तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी माळेगावच्या जत्रेत प्रदर्शनाला आणायला सांगितलं. पण रिंगणात हजार माणसं, मोकळा वळू आणता येणार नाही, वेसण पाहिजे. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना काय ठाऊक?

ठाऊक होतं ते दाजींना. घरात दोन दिवस धुमसत होतं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. दाजी म्हणायचे, "देवाचंच नाव व्हईल. जत्रा झाली की काढतो वेसण." आक्का म्हणायची, "नाव करायला न्हाई दिला. तुमचा जीव मागितला व्हता मी." दाजी म्हणायचे, "तीस वर्सं घातली म्या यात. एकदा, फक्त एकदा चार जाणत्या माणसांनी बघू दे." ते रडत होते, असं मला वाटलं.

मग एका सकाळी पोळ आपणहून दारात आला, नेहमीसारखा. त्याला पाडायला माणसं लागली नाहीत, दोरही लागला नाही. दाजींच्या हाताखाली त्यानं मान खाली घातली, आणि दाजींनी दाभण नाकातून आरपार घातलं. रक्त अंगणभर. आक्का उंबऱ्यात उभी होती. मीच ओरडले, "दाजी, काय केलंत हो हे!" त्यांनी मान वर केली नाही.

जत्रेत पहिला नंबर आला. भरजरी फेटा बांधून दाजी परतले, पोळाच्या पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. वेशीत हलगी नाही, माणूस नाही. दारात ओवाळायला आक्का नाही. तिनं भाकरी वाढून ठेवली होती आणि ती मागच्या दारी भांडी घासत बसली होती.

दाजींनी त्याच दिवशी वेसण काढली, पण आता काय उपयोग? पोळ रानात शिरला की लोक काठी घेऊन धावायचे. "गुरुपादप्पाचा बैल आला, हाणा!" ज्या बाया हात जोडायच्या त्याच दगड मारायच्या. पाठीवर वळ घेऊन तो यायचा. शेवटी दाजींना त्याला दावणीला बांधावं लागलं. जन्मात बांधलेला नव्हता तो. रात्रंदिवस दाव्याला हिसके द्यायचा, मग हिसके द्यायचंही सोडलं, वैरण सोडली, आणि पावसाळा संपता संपता गेला.

दाजींनी गावाची माफी मागितली. अय्यांकडं गेले. दुसरा गोऱ्हा सोड म्हणून अय्यांनी सांगितलं. दाजी तयार होते, पण आक्का म्हणाली, "मी एकदा बोलले, एकदा दिलं. मी पुन्यांदा बोलणार न्हाई." भांडली नाही, माहेरी गेली नाही, संसार केला नीट. फक्त देवळात जायची बंद झाली. भर बाजारातून जाताना देऊळ लागलं की मान खाली घालायची. माझ्या बहिणीसारखी देवभोळी बाई, तिची ही गत! मला दाजींचा इतका राग यायचा, आणि तरी ओट्यावर एकटे बसलेले दिसले की मीच दोन शब्द बोलायला जायचे.

काही वर्षांनी तसलीच थंडी पडली आणि दाजींची छाती पुन्हा भरली. या खेपेला शुद्ध होती, तेच वाईट. श्वास पुरेना. मी पेज घेऊन गेले तर आक्का त्यांचे पाय चेपत बसलेली. दाजींनी तिच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "अगं, देवाला काहीतरी बोल की. मागच्यासारखं."

आक्काचे हात थांबले. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"कोणत्या तोंडानं मागू?" ती म्हणाली.

दाजींनी नजर आढ्याकडं वळवली. मग म्हणाले, "खरं हाय." आणि पुन्हा तिच्याकडं काही मागितलं नाही. आक्का पहाटेपर्यंत पाय चेपत होती. ते गेलेत, हे तिला मीच सांगितलं.