सरून गेलेली इद्दत

आमच्या खानदानात लग्नकार्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं, कारण पुलावाचं काम मला कुणी देत नाही. बाया कांदे चिरतात आणि मी अब्बांचं जहाज बुडवते. वर्षागणिक ते जहाज मोठं होत चाललंय. परवा त्याला चार धुरांडी लागली, तर एक भाची म्हणाली, "फुफी, मागच्या खेपेला दोनच होती."

खरं म्हणजे मी जहाज पाहिलेलंच नाही. आमचं गाव घाटावरच्या बेलापूरच्या अलीकडे. पाणी म्हणजे पाटाचं, तेही पाळीनं येणारं. असल्या गावचा माणूस दर्यावर कसा गेला? पोटासाठी मुंबईला गेला, गोदीत हमाली केली, तिथून कुणीतरी जहाजावर नेलं. अब्बा आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे. सोबतचे सगळे कोकणातले. अब्बांना पोहता येत नव्हतं, हे त्यांनी अम्मीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे. अंगणातसुद्धा पाय फाकवून चालायचे, जशी जमीन हलतेय. मी त्यांच्यापुढे लाजायची, तेही माझ्यापुढे लाजायचे. आमची जरा ओळख जमते न जमते तोच सुट्टी संपायची. माझं आणि अब्बांचं नातं एवढंच, पण मी ते लग्नांतून तासभर पुरवते.

दुसरी मोठी लढाई लागली तेव्हा सरकारनं व्यापारी जहाजांवरची माणसं नौदलाच्या राखीव दलात घेतली. अब्बाही गेले. पांढरी वर्दी घालून एकदाच गावात आले. चावडीपुढे एका म्हाताऱ्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बँडात लागलास व्हय रं?" अब्बा म्हणाले, "व्हय." समजावत बसायला रजाच तेवढी नव्हती.

मग ते आले नाहीत. अम्मीला त्यात नवल वाटलं नाही. न येणं हीच त्यांची रीत होती. मधे माझ्या मावशीचा निकाह झाला. अम्मीनं कोपरापर्यंत मेंदी काढली, नवऱ्याकडच्यांना गाण्यातून असं चिडवलं की नवरदेवाची बहीण रुसून बसली. अम्मी इतकी हसलेली मी नंतर पाहिली नाही.

बाजरीच्या खुरपणीच्या दिवसांत रत्नागिरीकडचा एक माणूस काठी टेकत आमच्या दारात आला. अब्बांच्या जहाजावरचाच. जहाज दर्यातल्या सुरुंगावर जाऊन फुटलं, म्हणाला. तो वर डेकवर होता म्हणून वाचला आणि इतके दिवस इस्पितळात पडून होता. अब्बा खाली भट्टीपाशी होते. सरकारी कागद खलाशांच्या मुंबईच्या खोलीवर गेलेला, अब्बांनी पत्ता तोच दिलेला. खोलीतले सगळे दर्यावर, म्हणून कागद कुलपाआड पडून राहिला.

अम्मीनं एकच विचारलं, "कधी?"

"मोहरमच्या महिन्यात."

तेव्हा रज्जब चालू होता, म्हणजे सहा महिने उलटले होते.

अम्मी आतल्या खोलीत गेली. बांगड्या उतरवल्या, साधं लुगडं नेसली आणि भिंतीशी बसली. नवरा गेला की आमच्यात बाई चार महिने दहा दिवस इद्दतीला बसते. नटत नाही, घराबाहेर पडत नाही. घरानं तिला बसू द्यायचं असतं. मोठे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, बेलापूरहून मौलवीसाहेबांना घेऊन आले. ते भले माणूस. पडद्याबाहेर बसून त्यांनी बोटांवर महिने धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, इद्दत मौत झाली त्या दिवसापासून धरतात, कळलं त्या दिवसापासून नाही. तुझी इद्दत केव्हाच पुरी झाली. आता तुला कसलं बंधन नाही."

पडद्यामागून अम्मी म्हणाली, "पण मी बसलेच नाही. मी तर मेंदी लावून गात होते."

"तुला ठाऊक नव्हतं. त्याचा गुनाह नाही."

"गुनाहाचं नाही विचारत मी."

मौलवीसाहेबांनी दुआ मागितली आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी शेजारच्या मळ्यातली पाटलीण पदराखाली पिठलं-भाकरी घेऊन आली. अम्मीनं तिला सगळं सांगितलं. पाटलीण विचारात पडली. "आमच्यात उशिरा कळलं तरी कळल्यापासनं सुतक धरत्यात बाई. थोडंच, पर धरत्यात."

"तुमचं बरं हाय, आक्का."

"कशाचं बरं? सासू मेली तवा लई दिस बसवली मला. पाठ धरली." मग तिनं भाकरी मोडून अम्मीच्या हातात दिली. "खा, भाभी. मुकाट खा."

चौथ्या दिवशी मोठे अब्बा उंबऱ्याशी खाकरले. बाजरी तणात चालली होती, माणूस मिळत नव्हतं. अम्मीनं त्यांना पुढे बोलू दिलं नाही. खुरपं घेतलं आणि उठली. मी मागून निघाले.

खुरपणीला बाया ओळीनं बसल्या की रान कसं गजबजतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. सासवांची उणीदुणी, गाणी, एकीनं एक ओळ सोडली की दुसरीनं उचलायची. त्या दिवशी आम्ही बांधावर पोचलो आणि सगळं थांबलं. पाटलीणबाईंनी काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. अम्मीला कडेची पात, म्हणजे खुरपायची ओळ, दिली. मी तोंड उघडलं तर एकीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. जन्मात मला गप्प बसवणारी तेवढी एकच बाई भेटली.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या रानात गाणी चालू आणि आमच्या रानात फक्त खुरप्यांची खरखर. अम्मी भराभर खुरपत पुढे जायची. बाकीच्या बाया तिच्याहून चपळ होत्या, पण कुणी तिला गाठायला गेलं नाही. ती सगळ्यांच्या पुढे, एकटी, आमच्याकडे पाठ करून, जशी इद्दतीला बसलेली. बाजरी तेव्हा गुडघ्याएवढीच होती, तरी वाकली की अम्मी मला दिसायची नाही.