कांद्याचा गॅस आणि मॅडमचं 'नाही'

"मॅडम गेल्या," असा फोन आला तेव्हा मी कासारवाडीच्या माझ्या शेडमध्ये त्यांच्याचसाठी लोखंडी जाळ्या कापत होतो आणि वैतागलेला होतो. एकाच जाळीचं माप त्यांनी तिसऱ्यांदा बदललं होतं. फोन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. रहाटणीतल्या घरी सकाळी चहा करताना त्या कोसळल्या... मी मशीन बंद केलं आणि तोंडातून निघून गेलं, "मग आता या जाळ्यांचं काय करू?" त्या पोरीला काय वाटलं असेल कोण जाणे. पण नीलिमा मॅडमचं आणि माझं बोलणं इतकी वर्षं याच सुरात चालत आलं होतं.

त्या विद्यापीठात ज्वलनशास्त्र शिकवायच्या, मी टाक्या आणि चिमण्या बनवणारा फॅब्रिकेशनवाला. चाकणच्या बाजारात सडक्या कांद्याचे ढीग बघून त्यांनी ठरवलं, याचा गॅस करायचा, त्यावर इंजिन चालवायचं आणि कांदा निवडणाऱ्या बायकांच्या शेडला वीज द्यायची. अहो, जगात दुसरं काही सडत नव्हतं का? कांद्यानं टाकी आंबायची, गॅस बंद पडायचा. मग शेण घाला, चुना घाला, थांबा, मोजा. जवळच्या गावातली हौसाबाई टाकीत कांदा टाकायला होती. तिनं कधी कुरकुर केली नाही. मी मात्र रोज करायचो. टाकीला भोक पाडून झालं की मॅडम शांतपणे म्हणायच्या, "दिलीपराव, दोन इंच खाली हवं होतं."

तिसऱ्या वर्षी इंजिन धडधडलं, शेडमध्ये दिवे लागले. मांडव पडला, मोठे सरकारी पाहुणे आले. आणखी गावांच्या बाजारांत अशा टाक्या बसवायचं मंचावरच ठरत होतं. त्या मीच बनवणार होतो. पाहुण्यांनी सहज विचारलं, "म्हणजे आता सगळं तयार ना, मॅडम?" आणि या बाईनं माइक ओढून सांगितलं, "नाही. कांद्यातलं गंधक गॅसमध्ये उतरतं. त्याचा वायू विषारी आहे आणि इंजिनही आतून खातो. उपाय सापडेपर्यंत दुसरीकडे बसवू नका." विषय तिथंच संपला.

मांडवाबाहेर मी त्यांना गाठलं. "हो म्हणायला काय जात होतं? उपाय नंतर शोधला असता!"

"आणि तोवर गॅस गळला असता तर? शेडमध्ये हौसाबाई बसते, तुम्ही नाही."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून राग जास्तच आला. वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग एका दुपारी त्या थेट माझ्या शेडमध्ये. नमस्कार नाही, चौकशी नाही. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस मुठीत घेऊन म्हणाल्या, "हा गंजू द्या. पोतंभर हवाय." गॅस पिंपात भरलेल्या त्या गंजक्या किसातून सोडला की गंधक त्यातच अडकतं. मी जन्मभर गंज घासत आलो आणि ही बाई मला गंज जपायला सांगत होती! खूप बोललो त्यांना... आणि पोतं भरून दिलं. त्यानंतर इंजिन नीट चाललं. मधे उघडून बघितलं तर आतून स्वच्छ. पण तोवर पाहुणे बदलले होते, नव्या टाक्यांच्या मंजुरीचा कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होता. "आता तरी तयार आहे म्हणा," मी विनवायचो. त्या म्हणायच्या, "अजून एक उन्हाळा बघू." तो उन्हाळा त्यांना मिळाला नाही.

गेल्या आठवड्यात टाकीच्या तोंडावर त्या जाळ्या बसवायला चाकणला गेलो. शेवटचं माप अगदी बरोबर निघालं. त्याचाही राग आला. किसाच्या पिंपाला हात घातला तेवढ्यात हौसाबाई ओरडली, "दादा, आदी पानी मारा! न्हाईतर हवा लागली की गंधक खाल्लेला कीस पेट घेतोय. बाईंनी शिकवलंय."

झाकणावर पांढऱ्या रंगात मॅडमचं अक्षर होतं. 'पाणी मारून उघडा. कीस काळा दिसला तर बदला. दिलीपराव ओरडतील, लक्ष देऊ नका.'

"हे कधी लिहिलं त्यांनी?" मी ओरडलोच.

हौसाबाईनं लक्ष दिलं नाही. पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवली आणि ती कांदे टाकायला निघून गेली.