पूर्वेला जाणारं पाणी

आत्या आधी पाण्याचा रंग बघायची आणि मग माणसांची ख्यालीखुशाली विचारायची. आमच्या पिंपळवंडीला एसटीतून उतरली की पिशवी ओट्यावर टाकून थेट शेततळ्याकडे. आई चहा घेऊन दारात उभी, आणि ही काठावर वाकून हिरव्याची छटा न्याहाळतेय! कोकणातल्या एका संशोधन केंद्रात ती समुद्राच्या पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करायची. होडीतून मलमलीसारखी बारीक जाळी सोडायची आणि सापडेल ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी तो विषय काढलाच तर म्हणायची, "माझं सासर खारं हाय बाई, नांदतेय की तिथं!"

शास्त्र सांगायची तेही शेतकऱ्याच्या भाषेत. "पावसाळ्यात दर्या ढवळून निघतो. तळाचं गार पाणी वर येतं, नद्या गाळ आणत्यात. खत भरपूर. मग काचेच्या कवचाच्या वनस्पती अशा माजत्यात म्हणता! वैशाखात वारा पडला की वर गरम पाण्याची साय धरते, खालचं खत वर येत न्हाई. तवा तगतं कोण? हवेतलं नत्र धरणारं. आपल्या हरभऱ्याच्या गुणाचं." हरभऱ्याचं नाव निघालं की ऐकणाऱ्यांच्या माना डोलायच्या.

एका चैत्रात तळं हिरवंगार झालं आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ते शेवाळ मारायला त्यात सढळ हातानं मोरचूद ओतलं. पाणी निवळलं खरं, पण मेलेला सगळा हिरवा चोथा ठिबकच्या फिल्टरमध्ये जाऊन बसला आणि टोमॅटो तहानेले राहिले. आत्या नेमकी तेव्हा आलेली. पदर खोचून भावाशेजारी फिल्टर घासायला बसली आणि हसत सुटली. "आरं, वरच्या वावराचं खत धुऊन तळ्यात येतंय, ते थांबव की! जेवायला वाढायचं अन् वर इख घालायचं, ही कुठली रीत?" आण्णा दिवसभर घुश्शात होते, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं चर खोदायला गेले.

आण्णांना एकच ध्यास होता, त्यांच्या आक्कानं, म्हणजे आत्यानं, आता घरी यावं. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी तिच्या घरासाठी जोतं बांधून ठेवलं होतं. ती निवृत्त झाली तरी येईना. "औंदा पाणी लवकर तापलंय रे. काचवाल्या कमी दिसत्यात, भलत्याच जाती वर आल्यात. एवढा हंगाम बघते अन् येते." तो हंगाम काही संपायचा नाही. जोत्यावर आईनं मेथी पेरली, आणि आम्ही वाट बघत ती खाल्ली.

तिला गावाची ओढ नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. कुकडीच्या काठी उभी राहिली की तिचा आवाज उतरायचा. "ही पुढं जाऊन भीमेत जाती, भीमा कृष्णेला, अन् कृष्णा पार पल्याडच्या समुद्राला. माझ्या समुद्रात माझ्या गावचा एक थेंब येत न्हाई बघ." म्हणून परत जाताना ती आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायची. थोडं प्यायची आणि उरलेलं होडीतून समुद्रात ओतायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही लाजत; पुढं मी ते आण्णांच्या कानावर घातलं.

शेवटी आली ती आजारपण घेऊनच. पडवीत खाट टाकली होती. तिथून तळं दिसायचं. श्रावणात ती गेली.

रक्षा कुकडीत सोडायची, ही घरची रीत. सगळे नदीवर जमले. आण्णा पाण्यात उतरले आणि गाठोडं छातीशी धरून तसेच मागं फिरले. "न्हाई. हितं सोडली तर पल्याडच्या समुद्राला जाईल. तिथं आक्काच्या वळखीचं कोण हाय?" जन्मभर तिला घरी बोलावणारा हा माणूस तिला परत पोचवायला निघाला. त्यांनी विहिरीवर बाटली भरून घेतली आणि मला गाडीत बसवलं.

आम्ही घाट उतरून कोकणात गेलो. समुद्र मातकट होता, चांगलाच ढवळलेला. आण्णांनी रक्षा सोडली आणि तिच्यावर बाटली हलके हलके रिकामी केली. मग वाकून पाण्याकडे बघत राहिले, अगदी तिच्यासारखे.

"रंग कसा म्हणायचा गं हा?" त्यांनी विचारलं.

ते सांगणारं माणूस आम्ही नुकतंच त्या पाण्यात सोडलं होतं.