फक्कीच्या बाहेरची

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली असतील. सोलापुरातल्या आमच्या शाळेत मुलींच्या शर्यतीला एकच नियम होता: हाफपँट घाला, नाहीतर पळू नका. माझ्या वर्गात मेंढपाळाच्या घरातली एक मुलगी होती. आईवडील मंद्रूपच्या पलीकडे मेंढरं घेऊन फिरत आणि ती शिकायला मामाकडे राहायची. मामाला उघडे पाय चालणार नव्हते. परकराचा काचा मारून पळू का, असं तिने बाईंना विचारलं. बाई नाही म्हणाल्या.

पहिली येणारी जिल्ह्याच्या शर्यतीला जाणार होती. जिल्ह्याला गेलीस तर शाळा चालू ठेवतो, नाहीतर मेंढरांमागं जा, असं मामाने तिला बजावलं होतं. हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

शिट्टी झाली. आम्ही सहाजणी चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पट्ट्यांतून सुटलो, आणि फक्कीच्या बाहेरून, माझ्या डाव्या हाताला, काचा मारून, अनवाणी, तीही सुटली. झाडलेलं मैदान आमच्या वाट्याला, बाभळीचे काटे तिच्या. अर्ध्यावर ती माझ्या पुढे गेली. तिची वेणी मला शेवटपर्यंत दिसत होती.

मुली ओरडायला लागल्या, तीच पहिली म्हणून. बाई मनाने चांगल्या होत्या, त्या विरघळल्या. पट्ट्यांतून पहिली मी आले होते; मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ती पुढे होती असं तू सांगितलंस तर मी मोठ्या बाईंशी बोलते.

"मी बघितलं नाही," मी म्हणाले.

ती भांडली नाही. तळपायातला काटा काढता काढता तिने एवढंच विचारलं, "मी दिसले न्हाय व्हय तुला?"

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. जिल्ह्याला मी गेले, चौथी आले, आणि तेव्हा वाईट वाटलं ते त्या चौथ्या नंबराचंच. अशी होते मी.

आता मीच शर्यती भरवते. साडी नेसून या, बुरख्यात या, अनवाणी या, लंगडत या. मैदान सगळ्यांना खुलं केलं म्हणून लोक मला शाल देतात आणि ती अंगावर पडली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. फक्की मी आखतच नाही. तरी शिट्टी वाजवली की डाव्या हाताला, जिथे कुणीच नसतं तिथे, अनवाणी पावलं ऐकू येतात. ती आधी पोचतात, मग माझ्या मुली येतात. पहिली कोण आली, असं कुणी विचारलं की मी आधी डाव्या हाताला बघते.